एकमत आणि एकजूट



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर पंडितांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी समोरच्या सतरंजीवर बसून ऐकावे, अशी आजवरची रीत. चालकांनी यंदा ती मोडली आणि कामगार संघटनेच्या एका कार्यकर्त्याला येथे उभे केले. आमचे शाळेतले शिक्षण थोडे. पुढे जे काही झाले ते पाळी सुटल्यावर वाचनालयात झाले. गणित म्हणाल तर बेरीज, सरासरी आणि त्रैराशिक एवढीच आमची शिदोरी. तेवढ्या शिदोरीवर आज आम्ही एका गणिती विषयाला हात घालणार आहोत. विषय असा की, माणसांची मते एकमेकांत पसरतात कशी, आणि इतकी पसरूनही ती निरनिराळी राहतात कशी?

हा प्रश्न आमच्या रोजच्या धंद्यातला आहे. संघटना चालवणे म्हणजे शेवटी काय? शेकडो माणसे, त्यांची शेकडो मते, आणि त्या सर्वांनी एके दिवशी एका दिशेने पाऊल टाकायचे. ‘एकजूट’ हा शब्द आमच्या प्रत्येक फलकावर असतो. परंतु एकजूट म्हणजे एकमत असे समजून चालणारे कार्यकर्ते पुष्कळ, आणि त्या समजुतीपायी चांगल्या चांगल्या संघटना फुटलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. ज्याचे मत वेगळे तो फितूर, असे एकदा ठरले की फूट दाराशी येऊन उभीच राहते. आज आम्हांला सांगायचे आहे ते एवढेच : भिन्न मतांच्या माणसांमधला बोलण्याचा धागा शाबूत असला की एकजूट टिकते, मत एक होवो वा न होवो. हे आम्ही अनुभवाने म्हणत होतोच. गेल्या सत्तर वर्षांत काही विद्वानांनी ते कागदावर आकडे मांडून तपासले, आणि त्यांचा हिशेब आमच्यासारख्यालाही कळण्याजोगा आहे, म्हणून तो आपल्यापुढे मांडतो.

प्रथम ‘नमुना’ या शब्दाविषयी. फौंड्रीत काम केलेल्यांना ठाऊक आहे की लोखंड ओतण्याआधी लाकडाचा पॅटर्न करतात. त्या लाकडाने यंत्र चालत नाही. पण त्याचा ठसा वाळूत उमटल्यावाचून ओतकाम होत नाही, आणि आकारात खोट असेल तर ती लाकडातच, स्वस्तात, उमगते. गणिती नमुना तसाच. माणसाच्या मताच्या जागी एक आकडा लिहायचा, कोण कुणाचे ऐकतो त्याच्या रेघा ओढायच्या, ऐकल्यावर मत किती सरकते याचा एक साधा नियम ठरवायचा, आणि मग फेरीमागून फेरी हिशेब करीत जायचे. माणूस म्हणजे आकडा नव्हे, हे आम्हांलाही कळते. पण आपल्या समजुतीत खोट कुठे आहे ते या लाकडी पॅटर्नावर लवकर दिसते.

१९५६ साली जॉन फ्रेंच या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने असा एक नियम मांडला. तशाच नियमाला १९७४ साली मॉरिस डीग्रूट या संख्याशास्त्रज्ञाने नेटके रूप दिले. नियम असा की, प्रत्येकाने आपले मत आणि ज्यांचे आपण ऐकतो त्यांची मते यांची सरासरी काढावी, आणि ती आपले नवे मत मानावी. आपल्याकडे ‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ म्हणतात. येथे जनाचे आणि मनाचे दोन्ही एकाच सरासरीत घातले आहे.

उदाहरण घेऊ. पगारवाढ किती मागावी याविषयी तीन कामगार आहेत. टर्नर म्हणतो ५०० रुपये, फिटर म्हणतो १०००, वेल्डर म्हणतो २२००. टर्नर आणि वेल्डर यांची खाती वेगळी, पाळ्या वेगळ्या; त्यांची गाठ पडत नाही. फिटर मात्र दुरुस्तीच्या निमित्ताने दोन्हीकडे फिरतो. पहिल्या फेरीनंतर टर्नर ७५० वर येतो, वेल्डर १६०० वर उतरतो, आणि फिटर तिघांची सरासरी काढून १२३३ वर जातो. दोन टोकांमधले अंतर पहिल्याने १७०० होते, ते ८५० झाले. पुढच्या फेरीत ४२५, आणि असेच दर फेरीला निम्मे. अखेर तिघेही १२०० रुपयांवर येऊन थांबतात. टर्नर आणि वेल्डर एकदाही भेटले नाहीत, तरी त्यांचे मत एक झाले!

यात आणखी एक गंमत आहे. तिघांची सरळ सरासरी काढली तर ती १२३३ येते. मग १२०० कसे झाले? हिशेब असा आहे की अखेरच्या मतात फिटरचा वाटा सात भागांपैकी तीन, आणि बाकी दोघांचे दोन दोन. फिटर अधिक शहाणा होता असे आपण कुठेच धरलेले नाही. तो दोघांत वावरत होता, दोघे त्याचे ऐकत होते, इतकेच. संघटनेचे पुढारीपण पुष्कळदा असेच जन्माला येते. ज्यांना आपल्या बुद्धीचा फार अभिमान आहे त्यांनी हे सात भाग ध्यानात ठेवावेत.

परंतु या नमुन्याने एक कोडे उभे केले. रेघा कितीही वाकड्यातिकड्या असोत. जोवर प्रत्येकाचे बोलणे फिरत फिरत प्रत्येकापर्यंत पोचते, आणि जोवर प्रत्येक जण आपलेही मत सरासरीत धरतो, तोवर शेवट नेहमी एकमतातच होतो. १९६४ साली रॉबर्ट एबेल्सन या मानसशास्त्रज्ञाने हेच बोट ठेवून दाखवले आणि विचारले की मग खऱ्या समाजात दोन तट वर्षानुवर्षे उभे राहतात, त्याचे काय? पाट वाहता असूनही एका वाफ्यात पाणी तुडुंब आणि शेजारचा कोरडा, असे का व्हावे? आपण सहज उत्तर देतो : माणसे हट्टी असतात. हे उत्तर सोपे आहे, आणि त्यात दोष नेहमी समोरच्याचा असतो.

२००० साली फ्रान्समधील ग्योम देफुआं आणि त्यांचे सहकारी यांनी, आणि २००२ साली जर्मनीतील राइनर हेगसेलमान हे तत्त्वज्ञ व उलरिश क्राउझे हे गणितज्ञ यांनी, वेगळे उत्तर पुढे मांडले. माणूस ऐकायला तयार असतो, सरकायलाही तयार असतो. पण ज्याचे मत आपल्यापासून फारच दूर, त्याचे बोलणे त्याच्या कानात शिरत नाही. या मर्यादेला विश्वासाची मर्यादा म्हणू. आता आपले तिघे पुन्हा घेऊ. मतांत ६०० रुपयांपर्यंत फरक असला तर माणूस ऐकतो, त्यापुढे ऐकत नाही, असा नियम धरू. टर्नर आणि फिटर यांच्यात ५०० चे अंतर. ते एकमेकांचे ऐकतात आणि दोघेही ७५० वर येतात. वेल्डरपासून फिटरचे अंतर १२००. त्यामुळे वेल्डर आपल्या २२०० वर एकटाच राहतो. झाले दोन तट! तिघांत एकही हट्टी नाही, तिघेही सरकायला तयार. तरी फूट पडली आणि ती पुढे कधीच मिटणार नाही.

आता येथे चौथा माणूस आणू. हा क्रेनवाला, त्याचे म्हणणे १६०० रुपये. नियम तोच, सगळे एका जागी भेटणारे. पहिल्या फेरीत टर्नर क्रेनवाल्याचे ऐकत नाही, वेल्डर फिटरचे ऐकत नाही. पण फिटर आणि क्रेनवाला यांच्यात बरोबर ६०० चे अंतर, म्हणून ते दोघे एकमेकांचे ऐकतात, आणि आपापल्या बाजूच्या गड्याचेही ऐकतात. आम्ही हा हिशेब हाताने केला आहे. शंका असेल त्यांनी घरी करून पाहावा. पाचव्या फेरीअखेर चौघेही सुमारे १३२० वर येतात. म्हणजे मधल्या एका माणसाच्या असण्याने दोन तटांचा एक घोळका झाला.

श्रोतेहो, हा चौथा माणूस आमच्या परिचयाचा आहे. प्रत्येक कारखान्यात तो असतो, प्रत्येक गल्लीत असतो, बहुधा प्रत्येक मोठ्या कुटुंबातही असतो. त्याला दोन्ही बाजू नावे ठेवतात. कायम कामगार म्हणतात, हा कंत्राटी पोरांचा पुळका घेतो. कंत्राटी म्हणतात, हा कायमवाल्यांचा माणूस. भांडण पेटले की सगळ्यांत आधी त्याला विचारतात, ‘तू कुठल्या बाजूचा ते सांग,’ आणि त्याने एक बाजू धरली की आपण जिंकलो असे ती बाजू मानते. प्रत्यक्षात काय होते? ज्या फळीवरून पलीकडचे दहा जण येऊ शकले असते ती फळी काढून आपण एक माणूस मिळवतो. म्हणून नव्या कार्यकर्त्यांना आम्ही सांगत असतो की मधल्या माणसाला बाजू निवडायला लावू नका. तो मधे आहे तेथेच त्याचा उपयोग आहे.

मतभेद टिकण्याचे आणखी एक कारण १९९७ साली मिशिगन विद्यापीठातील रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी दाखवले. त्यांनी चौकटींचा एक पट मांडला, दहा आडव्या आणि दहा उभ्या. प्रत्येक चौकटीत एक वस्ती. प्रत्येक वस्तीची काही अंगे : भाषा म्हणा, धर्म म्हणा, वेष म्हणा. शेजाऱ्याशी जितकी अंगे जुळतात तितका त्याच्याशी व्यवहार होण्याचा संभव अधिक. आणि व्यवहार झाला की आणखी एक अंग जुळते. एकही अंग जुळत नसेल तर व्यवहार शून्य. यातून असे निघाले की जवळचे शेजारी एकसारखे होत जातात, आणि तरीही पटावर काही वेगळे प्रदेश उरतात, ज्यांच्या सीमेवर बोलण्याजोगे काहीच शिल्लक राहिलेले नसते. महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. अंगांची संख्या वाढवली, म्हणजे माणसांना भेटण्याचे विषय वाढवले, तर तुटलेले प्रदेश कमी होतात. प्रत्येक विषयात निवडीचे प्रकार फार वाढवले तर ते वाढतात.

आमच्या भाषेत याचा अर्थ असा. राजकारणात ज्याच्याशी आपले जमत नाही तो पतपेढीच्या सभेत आपल्या शेजारी बसतो, भजनात टाळ धरतो, रविवारी क्रिकेटच्या संघात यष्टीमागे उभा राहतो. चार विषयांपैकी एकात बेबनाव झाला तर तीन धागे उरतात, आणि त्या धाग्यांवरून चौथ्या विषयाचे बोलणेही कधी तरी सुरू होते. गिरणगावच्या चाळीत, तालमीत, खानावळीत हे सहज घडे. आज आपण एका एका विषयाचे मोबाइलवरचे घोळके केले आहेत. तेथे माणूस फक्त एकाच अंगाने भेटतो. ते अंग जुळले नाही की त्याला बाहेर काढायला एक बोट पुरते.

कुणी म्हणेल, मग विरुद्ध मतही त्या मोबाइलवरच ऐकवावे. तेही करून पाहिले गेले आहे. अमेरिकेत ख्रिस्तोफर बेल आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ट्विटरवरील काही लोकांना महिनाभर विरुद्ध पक्षाची मते रोज वाचावयास मोबदला देऊन लावले. रिपब्लिकन पक्षाचे लोक त्याने मवाळ न होता आपल्या मतात आणखी कट्टर झाले. डेमोक्रॅटिक पक्षाच्या लोकांत दिसलेला फरक निश्चित म्हणण्याइतका मोठा नव्हता. आम्हांला यात नवल वाटले नाही. ज्याच्याशी दुसरा कसलाही धागा नाही त्याचे मत कानावर आदळले तर ते घोषणेसारखे लागते. तेच मत ज्याच्यासोबत आपण डबा खातो त्याने सांगितले तर निदान घास गिळेपर्यंत ऐकावे लागते!

धागे तुटलेले असल्याची किंमत काय पडते याचे एक उदाहरण बोस्टन शहरातले आहे. तेथे वेस्ट एंड नावाची कष्टकऱ्यांची वस्ती होती. शहर सुधारण्याच्या योजनेत ती १९५८ पासूनच्या दोनतीन वर्षांत पाडली गेली. समाजशास्त्रज्ञ हर्बर्ट गॅन्स तेथे राहून आले होते. त्यांचे पुस्तक १९६२ साली निघाले. लोकांना वस्ती हवी होती, आपुलकीही पुष्कळ होती. तरी योजनेविरुद्ध संघटना उभी राहिली नाही. १९७३ साली मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी त्याचे कारण असे मांडले की तेथे जिव्हाळ्याचे घट्ट घोळके होते, पण घोळक्याघोळक्यांना जोडणारी साधी तोंडओळख नव्हती. फार थोडे लोक त्या भागात कामाला होते आणि संस्थाही थोड्या. म्हणून एका घोळक्यातला विश्वास दुसऱ्यात पोचला नाही. त्याच शहरातील चार्ल्सटाउन या कामगारवस्तीत संस्था पुष्कळ होत्या, बहुतेक पुरुष तेथेच काम करीत, आणि तिने आपल्यावरच्या योजनेशी यशस्वी झुंज दिली. गॅन्स यांना ही मीमांसा पटली नाही. त्यांनी लेखी उत्तर दिले. तो वाद विद्वानांचा आहे. पण ज्याने वस्तीवस्तीत वर्गणीचे पुस्तक घेऊन पायपीट केली आहे त्याला ग्रॅनोव्हेटरांचे म्हणणे ओळखीचे वाटेल.

याच ग्रॅनोव्हेटरांनी १९७८ साली आणखी एक नमुना मांडला, आणि त्यात दंग्याबरोबर संपाचाही विचार आहे. त्यांचे म्हणणे, प्रत्येक माणसाचा एक उंबरठा असतो : किती जण पुढे गेले म्हणजे आपण जायचे. शंभर माणसांचा जमाव घ्या. पहिल्याचा उंबरठा शून्य, म्हणजे तो कुणाची वाट पाहत नाही. दुसऱ्याचा एक, तिसऱ्याचा दोन, असे करीत शंभराव्याचा नव्याण्णव. पहिला दगड मारतो, त्याला पाहून दुसरा, दोघांना पाहून तिसरा. अखेर शंभरही दंग्यात सामील. आता फक्त एका माणसात बदल करा. ज्याचा उंबरठा एक होता त्याचा दोन करा. पहिला दगड मारतो, दुसरा थांबतो, आणि दंगा एका माणसावर संपतो. बाकी अठ्ठ्याण्णव जण जसेच्या तसे आहेत. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात मात्र पहिल्या जमावाला ‘पिसाळलेला’ म्हणतील आणि दुसऱ्यात ‘एका माथेफिरूचे कृत्य’ म्हणतील.

यावरून आम्ही दोन गोष्टी शिकलो. जमावाने काय केले यावरून जमावातल्या प्रत्येकाच्या मनात काय होते ते सांगता येत नाही. आणि दुसरी अशी की एकाच्या थांबण्याला आपण समजतो त्याहून फार मोठे मोल असते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, भटक्या समाजातील पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲप कंपनीने भारतात एक मजकूर एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठवता येऊ नये अशी मर्यादा घातली. अफवेचा वेग त्याने कमी होईल. पण उंबरठ्याचे काय? तो प्रत्येकाने स्वतःच घालायचा असतो. दुसऱ्या जागी उभा असलेला माणूस ‘थांबा, आधी विचारू’ असे म्हणाला, तर पुढच्या अठ्ठ्याण्णवांचे हात स्वच्छ राहतात. अशी जागा आपल्या वाट्याला केव्हा येईल ते आधी कळत नाही.

अफवा आणि मत यांत फरक आहे, तोही येथेच सांगून टाकतो. बातमी एकाकडून ऐकली तरी पुरते. पण जे करायला कष्ट किंवा धोका आहे ते माणूस एकाच्या सांगण्यावरून करीत नाही. डेमन सेंटोला यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १५२८ लोक होते. आरोग्याविषयीची एक सवय लोक उचलतात का ते पाहायचे होते. जेथे एकाचे शेजारी एकमेकांचेही शेजारी होते, म्हणजे तीच गोष्ट दोघातिघांकडून कानी पडत होती, तेथे सुमारे ५४ टक्के लोकांनी ती उचलली. जेथे धागे दूरदूर विखुरलेले होते तेथे सुमारे ३८ टक्क्यांनी. पत्रक वाटून सभासद होत नाही, एकाच बाकावरचे तिघे झाले की चौथा होतो, हे आमच्या धंद्यातले जुने शहाणपण याहून निराळे नाही.

आता सभेकडे वळू. ‘पाचामुखी परमेश्वर’ म्हणतात. पण पाच मुखे जे बोलतात तेच पाचांच्या मनात असते काय? १९५१ साली सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग केला. एक रेघ दाखवायची, शेजारी लहानमोठ्या तीन रेघा, आणि विचारायचे की यांतली कोणती पहिलीएवढी? प्रश्न इतका सोपा की एकट्याला विचारले तर चूक जवळजवळ होतच नसे. पण खोलीतील बाकी सर्व जण आधी पढवून ठेवलेले होते. ते एकमुखाने चुकीचे उत्तर देत. अशा वेळी खऱ्या उमेदवारांची सुमारे एक तृतीयांश उत्तरे बहुमताबरोबर चुकली. सुमारे एक चतुर्थांश माणसे मात्र एकदाही वाकली नाहीत. आणि सर्वांत महत्त्वाचे असे की पढवलेल्यांपैकी फक्त एकाने खरे उत्तर दिले की ही शरणागती पूर्वीच्या सुमारे एक चतुर्थांशावर येई. उत्तर तोंडाने न सांगता कागदावर लिहू दिले, तरी ती पुष्कळच उतरे. डोळ्यांना दिसणाऱ्या रेघेची ही गत, तर संपासारख्या प्रश्नाची काय असेल!

एका कारखान्यात, नाव सांगण्याचे कारण नाही, द्वारसभेत संपाचा ठराव आला. भाषणे जोरात झाली आणि झाडून सगळे हात वर गेले. संघटनेच्या नियमाप्रमाणे दोन दिवसांनी चिठ्ठ्या टाकून मत घेतले. बाजूची मते निम्म्याहून जेमतेम अधिक भरली. काही तरुण संतापले; म्हणाले, हे गद्दार शोधून काढा. कमिटीने शोध घेतला तो निराळाच. खात्याखात्यात बसून विचारले की अडचण काय आहे? तेव्हा कळले की कुणाच्या घराच्या कर्जाचे हप्ते थकलेले, आणि कंत्राटी मुलांना तर पहिल्याच दिवशी दार बंद होण्याची धास्ती. त्या नाही म्हणणाऱ्या चिठ्ठ्यांमुळे मागणीपत्रात कंत्राटी कामगारांच्या संरक्षणाचे कलम आले आणि संपाआधी मदतनिधी उभा राहिला. संप झाला तेव्हा विरुद्ध मत दिलेलेही बाहेरच उभे होते. त्यांतल्या कित्येकांचे मत अखेरपर्यंत बदलले नव्हते. यालाच आम्ही एकजूट म्हणतो.

येथे एक आक्षेप आम्हीच घेऊन ठेवतो. सरासरी म्हणजे सत्य नव्हे, आणि मधला आकडा म्हणजे न्यायही नव्हे. सगळी खोली चुकीची असेल तर तिची सरासरीही चुकीचीच निघेल. १९२७ साली महाडच्या तळ्याचा प्रश्न गावातील मतांची सरासरी काढून सुटला नसता; तेथे हक्काचा प्रश्न होता. मालक आणि कामगार यांच्यातला तंटाही निव्वळ गैरसमजाचा नसतो; त्यात हितसंबंध असतात, आणि ते गप्पांनी विरघळत नाहीत. मग जो एकटा आहे आणि ज्याला आपले म्हणणे खरे असल्याची खात्री आहे, त्याने काय करावे?

नमुन्यात याचेही उत्तर आहे. डीग्रूटच्या पटावर एक जण असा ठेवा की जो आपले मत तसूभरही बदलत नाही, पण इतरांशी बोलणे सोडत नाही. बाकी सर्व सरासरी काढीत राहिले तर फेऱ्या लागतील पुष्कळ, परंतु अखेर सगळा पट त्याच्या मतावर येतो. अट एकच, ऐकणाऱ्यांपर्यंत जाणारी त्याची रेघ तुटता कामा नये. आपल्याकडे र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, आणि १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. खटले झाले, निंदा झाली, पैसा नव्हता. मत बदलले नाही आणि अंक काढणेही थांबवले नाही. या दोन गोष्टी एकत्र नांदणे फार अवघड. मत न बदलणारे पुष्कळ भेटतात, पण त्यांतले बहुतेक रागावून बोलणे सोडतात. अर्थात हेच गणित खोट्या मतालाही लागू पडते, हे विसरू नये. चिकाटीने सांगितलेले खोटेही पट व्यापते, आणि म्हणूनच ज्यांना खरे ठाऊक आहे त्यांनी कंटाळून घरी बसणे परवडत नाही.

तेव्हा आपण शहरवासीयांनी यातून काय घ्यावे? आपल्या सोसायटीची सभा असो, शाळेची पालकसभा असो, पक्षाची शाखा असो; हात वर करून मत घेण्याआधी एकदा चिठ्ठ्या टाकून घ्यावे, आणि किती बाजूने, किती विरुद्ध, तो आकडा सर्वांना मोकळेपणाने सांगावा. त्याने एकट्या पडलेल्याला कळते की आपण एकटे नाही. आणि ॲशच्या खोलीत आपण पाहिले की एक सोबती मिळाला तरी माणूस डोळ्यांना दिसते ते बोलू लागतो. मतात हरलेल्यांची खुर्ची सभेतून काढू नये. मधल्या माणसाला टोकावर ढकलू नये. आणि भेटण्याचे विषय वाढवावेत. केवळ भांडणाच्या दिवशीच भेटणारी माणसे भांडणच करणार.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून गावोगावी अशा माला चालत आल्या. येथे आज ज्याचे बोलणे आपल्याला पटते, उद्या त्याच जागी न पटणारा उभा राहतो, आणि आपण दोघांनाही त्याच सतरंजीवर बसून ऐकतो. घरी जाताना शेजाऱ्याशी वाद घालतो आणि दुसऱ्या संध्याकाळी त्याच्यासाठी जागा धरून ठेवतो. हे जोवर चालले आहे तोवर मतभेदांना भिण्याचे कारण नाही. आमच्याही बोलण्याशी आपणांपैकी पुष्कळांचे मतभेद असतील. ते त्यांनी बाहेर चहाच्या वेळी आम्हांला जरूर सांगावेत.